जुन्या सीडीसाठी सेर्रोला

नोएलिया,

मसुराचा रस्सा शेगडीवर आहे, गरम करून घे. जेवायला माझी वाट पाहू नकोस.

कॉम्प्युटर दुरुस्त होऊन आलाय. हार्डडिस्क नवी आहे, आता विंडोज तेवढी घालायची. दुकानातला एदगार्दो म्हणाला, "बाई, फुल विंडोज घेतलीत तर थेट चालेल. अपग्रेड निम्म्या किमतीत आहे, पण ती मध्येच जुनी सीडी मागते. एकदा बघते आणि पुढे जाते." मी विचारलं, बघून तिला कळतं काय? तर म्हणाला, आधीचं तुमच्याकडे होतं, एवढंच. मला गंमत वाटली. अपग्रेड घेतली.

जुनी सीडी तुझे बाबा जाताना घेऊन गेले असणार. म्हणून बसने सेर्रोला त्यांच्याकडे चाललेय. चार वर्षांत त्यांचं घर पाहिलेलं नाही. स्वयंपाक कोण करतं, पडदे आहेत की नाहीत, काही विचारलं की तू नुसतं "ठीक आहे" म्हणतेस.

थर्मास आणि तुझा निळा स्वेटर मी नेलाय, शोधत बसू नकोस.

आणि शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याखाली एक सीडी दिसेल. ती तिथेच राहू दे.

आई