बाबाच्या घशासाठी गाऱ्हाणे

पार्से, मंगळवार

ती. बाबाजीमामा यांना गौरवीचा नमस्कार.

देवकीमामी बरी असेल. तुमच्या घशाला आराम पडला का? (मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या करा, असा आईचा निरोप आहे.) आईने मला माफीचे पत्र लिहायला बसवले आहे. कागद तिचा, पेन तिचे. मजकूर मात्र माझा आहे आणि त्यात माफी नाही.

सुट्टीत आमच्याकडे राहायला आलेल्या आपल्या मुलाची मॅच बघायला रविवारी तुम्ही डिचोलीहून आलात. वायंगणाचे उन्हाळी भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात आठ-दहा वर्षांची पोरे रबरी चेंडूने खेळतात, त्याला मॅच म्हणणे हा तुमचा मोठेपणा. मी घातलेला नियम एवढाच, की सगळ्यांनी बॅटिंग करायची, सगळ्यांनी बोलिंग करायची, आणि कंटाळा आला तर बांधावर बसून आंबा खायचा. तुम्ही मात्र आल्या आल्या नारळ ठेवून देवाला जत्रेतल्यासारखे खणखणीत गाऱ्हाणे घातलेत, की साईशला पाच विकेट मिळू देत आणि मोठ्या टीममध्ये त्याची निवड होऊ दे. पोरांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ दिली. (ज्यांच्या विकेट जायच्या होत्या त्यांनीसुद्धा.)

मग तुम्ही बांधावर उभे राहून सुरू झालात. पुढे ये, मागे जा, हात वर, मान खाली, हे सगळे एका चेंडूत. पलीकडच्या कृष्णनाथकाकांची म्हैस दावे तोडून पळाली. साईश चेंडू टाकायचेच विसरला आणि तुमच्याकडे बघत राहिला. तो लंगडतही होता. तुम्ही फोनवरून ठरवून दिलेल्या पहाटेच्या धावण्याने त्याची टाच धरली आहे. वाढते हाड आहे, दुखेल तेव्हा थांबवा, असे डॉक्टर म्हणाले. तुम्ही म्हणालात, दुखल्याशिवाय खेळाडू होत नाही.

पाणी प्यायला सगळे थांबले, तेव्हा साईशने तुमच्या नारळापुढे हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा, माजो बाबा बांदार रवान आराडता. तेचो घसो आज एक दिस बसांदे रे म्हाराजा.’

‘व्हय म्हाराजा,’ सगळी पोरे म्हणाली. मीही म्हणाले. (हे आईला माहीत नाही.) पुढच्याच ओव्हरला तुमचा आवाज गेला. नारळ तुमचा होता, देवाने कोणाचे ऐकायचे हे मी ठरवलेले नाही.

तुम्हाला वाटते, हे मी शिकवले. गाऱ्हाणे घालायला त्याला तुम्हीच शिकवलेत, मामा. मी शेफारले, असेही आईला कळवलेत. घरातली पहिली पदवीधर म्हणून डिचोलीभर पेढे वाटलेत तेव्हा मी शहाणी होते. साईशला म्हापशाच्या शिबिरात चौदा वर्षांच्या मुलांबरोबर घालू नका म्हटले, की शेफारले. शेफारलेली तर शेफारलेली. येत्या रविवारी त्याला शिबिराला न्यायला गाडी आली, तर मी दारातून हलणार नाही. शनिवारपर्यंत तो बॅट उशाला घेऊन झोपायचा. आता तिला हात लावत नाही. नवव्या वर्षी एखाद्याचा खेळ सुटत असेल, तर मी नमते घेणार नाही, मग तुम्ही दिवाळीपर्यंत बोलला नाहीत तरी चालेल.

मामीला नमस्कार.

तुमची भाची,
गौरवी

ता. क. : रविवारी आम्हाला अंपायर हवा आहे. त्याला बोलावे लागत नाही, बोट वर केले की पुरे. तुम्ही यावे. शिबिराची बॅग डिचोलीलाच ठेवून यावे.

ता. क. २ : अंपायरचे रद्द. बाबाला येऊ नको म्हणून कळवू का, असे आत्ताच साईशला विचारले. तो टाच चोळत म्हणाला, ‘येवंदे. बाबाक कोण खेळाक घेणत नाय, म्हणान तो आराडता.’ तेव्हा तुम्ही खेळायलाच या. पोरांनी तुम्हाला साईशच्या बाजूला घेतले आहे. बॅटिंगला नंबर शेवटचा.