बोकडानं अंग झाडलं नाही

परभणी, ६ जानेवारी २०२५

चि. बजरंग यास राजेश्रीआक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

या घरात माझ्यावर घोर अन्याय चालू आहे. मला गरम चहात बिस्किट बुडवता येत नाही. आधी सूनबाई पुड्यावरचा हिरवा ठिपका बघणार, मग मागची बारीक अक्षरं वाचणार, तोवर चहावर साय. परवा माझ्या रंगीत गोळ्याही काढून घेतल्या. त्यात जिलेटीन असतं, ते जनावरांच्या हाडांपासून करतात म्हणे. म्हणजे उपासाच्या दिवशीही मी हाडं चघळत होते.

हे हसून सोडलं असतं, पण नातवाचं जावळ आलं. तो सातव्या महिन्यात झाला, काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी तुझ्या बांधावरच्या म्हसोबाला बोकड बोलले होते. शिवकन्या माळकरी घरची. ती म्हणते, माझ्या लेकराच्या नावानं जीव घेणार असाल तर मी त्याला घेऊन मानवतला माहेरी जाते. आता देवाला नाही म्हणू की सुनेला? फोनवर बोललं की भिंतीपलीकडे ऐकू जातं, म्हणून पत्र. उत्तर नागेशच्या दुकानावर पाठव, लेक माझा अजून माझ्या बाजूला आहे.

तुझी आक्का


ताडकळस, १२ जानेवारी

ती. आक्कास बजरंगचा साष्टांग नमस्कार.

पत्र वाचून तुजी भावजय कासाबाई इतकी हासली की तव्यावरची भाकर करपली. म्हणली, सासू असून आक्का सुनेला भ्यायल्यात.

बोकड घरचाच देतो. शिवकन्येला सांग, आपल्यात जबरदस्ती न्हाई. अंगावर पाणी शिंपडायचं. बोकडानं अंग झाडलं तर देवानं घेतलं; न्हाई झाडलं तर मुलाणी रहेमानचाचा सुरीला हात लावत न्हाईत. तुमच्या पुड्याला ठिपका लागतो, आमचा बोकड सोता सांगतो. ह्या अटीवर तिला आण. आजपोत्तर झाडलं न्हाई असं झालंच न्हाई. भावकीला सांगावा धाडलाय, लय लोक येतील.

तुजा बजरंग


परभणी, ५ फेब्रुवारी

चि. बजरंग यास आशीर्वाद.

शिवकन्या अटीवर आली आणि तुझ्या बोकडानं भावकीसमोर माझी शोभा केली. एक तांब्या ओतला, पठ्ठ्या हलला नाही. दुसऱ्याला डोळे मिटले. तिसऱ्याला मान पुढं केली, आणखी ओता म्हणून. आपले येडबामामा मागून त्याचं शेपूट हातानं हलवत होते, त्याला कौल म्हणायचं का? रहेमानचाचांनी सुरी फडक्यात गुंडाळली. तुमच्या देवानं नको म्हणल्यावर मी माझ्या देवाचं नाव कसं घेऊ, म्हणाले. मग भावकी मयताला आल्यासारखी वांग्याची भाजी जेवली. शिवकन्या तेवढी हौसेनं वाढत होती.

चेष्टा राहू दे. देवानं नवस नाकारला असेल तर? काल बाळ नुसतं शिंकलं, तर मी रात्रभर त्याच्या पाळण्याशी बसून राहिले.

आक्का


ताडकळस, १० फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

देवानं नाकारलं न्हाई, घोटाळा आमच्या घरातला हाय. देवापुढं चकचकीत दिसावा म्हणून कासाबाई पंधरा-वीस दिस बोकडाला रोज हौदावर घासून धुवायली होती. आता त्याला पाण्याचं काही वाटंना. बादली दिसली की पळत येतो. थोडे दिस कोरडा ठेवला की झाडतंयच अंग. पुढचा एखादा मंगळवार धरू का? शिवकन्येला सांगायचं का न्हाई, ते तू ठरव.

बजरंग


परभणी, १६ फेब्रुवारी

चि. बजरंग यास आशीर्वाद.

मंगळवार धरू नकोस. अट आपण घातली होती. बोकडानं अंग झाडलं असतं तर ती पोरगी डोळे पुसून गप्प बसली असती. नाही झाडलं, तर आता आपण गप्प बसायचं. हवं ते उत्तर मिळेपर्यंत देवाला विचारत राहणं म्हणजे पुड्यावर आपल्याच हातानं ठिपका काढणं. बोकडाला म्हसोबाच्या नावानं सोड. कासाबाईला म्हणावं, आता तरी त्याला न्हाऊ घालणं थांबव.

राहिला नवस. तो मी बोलले होते, बोकडाला कुणी विचारलं नव्हतं. माझं मी म्हसोबाशी ठरवलंय.

काल नागेशनं मटण आणलं, अंगणातल्या वेगळ्या चुलीवर शिजवलं. वास गल्लीभर. नळी माझ्यासाठी काढून ठेवली होती. मी दाढ दुखते म्हणाले आणि वरणात भाकरी कुस्करून खाल्ली. शिवकन्येनं लवंग आणून दिली, ती मुकाट्यानं दाढेखाली धरली.

ही दाढ आता जन्मभर दुखणार आहे. घरात बोलू नकोस. माया आहे तशी असू दे.

तुझी आक्का