घरातली हाक

सॅन अँटोनियो, शुक्रवार

प्रिय उबाल्दोदादा,

सोमवारी समिती बसणार, हे आता पक्कं. आमच्या मार्गदर्शक हॉलिसबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं. समुपदेशनाच्या या अभ्यासक्रमात मला पुढे माणसं भेटू द्यायची की नाही, ते तिथे ठरेल. तेव्हापासून मी घरात नुसती येरझारा घालतेय. कुबडीचा आवाज ऐकून खालचे लोक वैतागले असतील.

आम्ही शिकाऊ लोक खोलीत माणसाशी बोलतो आणि बाई काचेआडून पाहतात. माझ्याकडे आपल्या लारेडोकडची, स्पॅनिशच बोलणारी एक आजी येते. नाव विचारू नकोस, सांगायचं नसतं. आजवर आली की फक्त उन्हाळ्याबद्दल बोलायची. मंगळवारी मी कुबडी भिंतीला टेकवून बसले, तर म्हणते, “काय गं लंगडे, जन्माचीच अशी, की कुठे धडपडलीस?” मला हसूच आलं. वाटलं, तूच बोलतोयस. म्हटलं, “जन्माचीच, आजी. बाहेर यायची घाई केली.” “मग आमच्या म्हाताऱ्यासारखीच हट्टी असशील,” म्हणाली, आणि रडायला लागली. ती पुढे काही बोलणार, तेवढ्यात काचेवर टकटक झाली. मला बाहेर बोलावलं.

हॉलिसबाई वाईट नाहीत, पण त्यांचं स्पॅनिश पुस्तकातलं. आजीचं ‘लंगडे’ त्यांना शिवी वाटलं; पुस्तकात लाडाच्या हाका नसतात. शिवी ऐकून मी हसले आणि वर स्वतःचंच सांगत बसले, असं त्यांचं म्हणणं. या इमारतीत सगळे मला अदबीने वाट देतात, पण पायाबद्दल आजवर एकानेही विचारलं नव्हतं. आजीने विचारलं.

अपमान झाला, मी गांगरले, एवढं समितीपुढे म्हटलं की मी सुटले. मग आजीला मात्र दुसऱ्या कुणाकडे पाठवतील, आणि ती पुन्हा उन्हाळ्यावर येईल. आई म्हणते, “म्हणून टाक पोरी. शिकलेल्यांशी वाद घालू नये.” सकाळी आरशासमोर म्हणून पाहिलं. जमलं नाही.

समितीपुढे सोबत एक माणूस नेता येतो. टायरच्या दुकानातून सुट्टी काढ आणि रविवारची बस धर. भाषण करू नकोस, टोपी तेवढी काढ. मी आत आले की सगळ्यांदेखत मला घरातल्या नावाने हाक मार. मी ओ देईन. मग बाई मला विचारतीलच, आणि मी सांगेन.

तुझीच,
लंगडी