यांखोला दफनाआधी सांगावे

मी, फालेसी कामवेंडो, वय बहात्तर, राहणार झोंबा, मुलांच्या मनातल्या भीतीवर संशोधन करण्यात उभा जन्म घालवलेली बाई, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेलेत, डोकं ठिकाणावर आहे.

एक. घर, आंब्यांसकट, आमच्या रीतीप्रमाणे मुलगी एनिफा हिचे. बँकेतले जे असेल तेही तिचेच. इतरांनी नाक खुपसू नये. दफनाच्या जेवणाला मक्याच्या पिठाचा घट्ट न्सिमा आणि सरोवरातला मासा करावा; बैल कापून मोठेपणा मिरवू नये.

दोन. माझा चष्मा डॉ. काचिंग्वे यांना. मुलांची भीती मोजायची, परदेशातून आलेली चाचणी त्यांनी जशीच्या तशी लावली आणि 'मूल नजरेला नजर देत नाही' म्हणून गावंच्या गावं भेदरलेली ठरवली. मी भर सभेत विचारलं, "डॉक्टर, तुम्ही तरी आजीपुढे मान वर करून बोललात का कधी?"

"मग घाबरलेलं मूल ओळखायचं कसं, बाई?"

"शेजारी बसून. हाताला काम देऊन."

सगळे हसले, आणि अहवालातून माझं नाव गळलं. राग अजून गेलेला नाही.

तीन. सूप आणि दोन्ही बुटकी स्टुलं मुलगा वायसन याला. भाचीच्या शाळेबाबत आमच्यात मामाचा शब्द चालतो. एनिफाच्या लेकीला, यांखोला, वसतिगृहाच्या शाळेत जागा मिळाली आणि पोर रोज सकाळी ओकू लागली. वायसन म्हणाला, "नाटकं आहेत, आई. तिकडे गेली की सरळ होईल."

मी तिला घेऊन शेंगा सोलायला बसले. काही विचारलं नाही. सूप निम्मं भरल्यावर ती सुपाकडे बघतच बोलली, "आजी, मी तिकडे असताना तू गेलीस तर? आजोबांच्या वेळी मला शेजारी पाठवलं. परत आले तर खाट रिकामी. कुणीच सांगितलं नाही."

लेकरांना मरण सांगायचं नाही, ही आमची रीत. मायेपोटीच पाळतात, पण या पोरीच्या पोटात त्या रीतीचाच गोळा झालाय.

म्हणून, यांखो कुठेही असो, तिला आणावे; ती येईपर्यंत मला खाटेवरून हलवू नये. हे मृत्युपत्र दफनाआधी, तिच्यादेखत, मोठ्याने वाचावे. वायसन, तू तिच्या शेजारच्या स्टुलावर बस. तोंडाकडे बघू नकोस, 'रडू नकोस' म्हणू नकोस. शेंगा सोल. शाळेचं मग तीच सांगेल, आणि ती सांगेल तेच करायचं.

यांखो बाळा, ऐकते आहेस ना? आजी गेली गं. मी आत खाटेवर आहे. अजून कुणी मला हलवलेलं नाही. ये, बघून जा.

सही: फालेसी कामवेंडो
साक्षीदार: लेविसन चिपेटा, गावप्रमुख; डोरिका म्बेवे, शेजारीण
झोंबा, १४ जून २०१९