हिराकाकूंचे सहा ट्रान्सफॉर्मर

मंगळवार, संध्याकाळ. घोटावडे.

आज मी हिराकाकूंचा अपमान केला, आणि चूक माझीच होती.

आमच्या शेडमध्ये तयार माल तपासायचं काम माझं. चहानंतर मी काकूंनी तार गुंडाळून तयार केलेले सहा छोटे ट्रान्सफॉर्मर तपासायला घेतले. मीटर एकावरही वाजेना, म्हणजे आतली तार तुटलेली. सहाच्या सहा? तरी मला शंका आली नाही. अख्ख्या शेडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "काकू, हात थरथरायला लागलेत तुमचे!" काकू स्वतःच्या हातांकडे बघत राहिल्या. सुपरवायझरनं त्यांना लगेच पॅकिंगला बसवलं.

मग दुसऱ्या बाईचेही तसेच निघाले, तेव्हा कुठे मी मीटरची दोन टोकं एकमेकांना लावून बघितली. मीटर गप्प. त्याचीच वायर तुटलेली. हे तर रोज सुरुवातीलाच बघायचं असतं! वायर बदलली. काकूंचे सहाही चांगले निघाले, आणि मी ते गुपचूप चांगल्या मालात ठेवले. गुपचूप का? सारखं तेच डोळ्यांसमोर येतंय, त्यांचं ते हातांकडे बघणं.

सुटल्यावर घरी येताना कोळवणला जाणाऱ्या जीपमध्ये मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले आणि हळूच सगळं सांगितलं.

 काकू म्हणाल्या, "तितं समद्यांम्होरं वरडलीस. आन् माफी हितं कानात मागतीस व्हय?"



उद्या शेडमध्ये सगळ्यांसमोर बोलायचंय, सुपरवायझरसमोरही.