देवघरात वाढवलेला स्फटिक

बेलापूर,
माघ शुद्ध पंचमी, शके १८९४

चि. मार्तंडास काकाचे आशीर्वाद. प्रकृती सांभाळून असशील असे धरून चालतो, कारण विचारले तर तू भट्टीची प्रकृती कळवतोस. आम्ही उभयता ठीक. विहीर तेवढी तळाला गेली आहे.

कर्जतचे अव्वल कारकून अच्युतराव आपल्या मुलीसाठी, विजयेसाठी, तुझे स्थळ विचारायला आले होते. मुलगा मुंबईत नेमके करतो काय, एवढेच त्यांना हवे होते. मी म्हणालो, सिलिकॉनच्या स्फटिकावर सिलिकॉनचाच थर चढवतो. तापलेल्या चकतीवर वाफेतून अणू उतरतात आणि खालच्या ओळी बघून शिस्तीत बसतात. हा थर डोळ्यांना दिसत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले (न सांगता भागले असते). ज्या कामाचे काही दिसत नाही त्याचा पगार कोण देतो, असे त्यांनी विचारले. चांगले स्थळ हातचे जाते असे पाहून मी बोलून गेलो की, पंधरा दिवसांनी या, स्फटिक वाढवून दाखवतो.

महिन्याची रेशनची सगळी साखर पाकात गेली. साखरेचा एक ठळक खडा दोऱ्याला बांधून बरणीत सोडला. बरणी हलता कामा नये, हे तुझेच वाक्य. म्हणून ती देवघरात ठेवली आणि सोवळ्यात आहे, शिवू नये, असे जाहीर केले. तीस वर्षे संस्कृत शिकवणाऱ्याला एवढे कळायला हवे होते की आपल्याकडे ज्याला शिवायचे नाही त्याची पूजा होते. तुझ्या काकूने रोज सकाळी बरणीला हळदकुंकू वाहिले (झाकण काढून), आणि शेजारी घंटा वाजवली.

पंधराव्या दिवशी दोरा रिकामा आणि तळाशी गुलाबी रवा. मी अच्युतरावांना समजावले की शुद्ध सिलिकॉनमध्येसुद्धा लेशमात्र परका पदार्थ मुद्दाम मिसळतात, त्याखेरीज ते कामाचे होत नाही. ते टोपी शोधू लागले.

तेवढ्यात शेजारचा सहादेव विहिरीचा दोर मागायला आला. साखर कारखान्यात पाक आटवण्याच्या पॅनवर त्याने तीस वर्षे दाणा वाढवला आहे. बरणीत वाकून म्हणाला, "मास्तर, खोटा दाना पडलाय ह्यो. हलिवलंय कुनीतरी. बी सोडलं की हात न्हाई लावायचा." मग अच्युतरावांकडे वळला. "रावसाहेब, आमचा दाना डोळ्याला दिसतो, तरी त्यो वाढंस्तवर जागचं उठता येत न्हाई. ह्यांचं पोरगं न दिसनारा लावतंय. आसल्याला पोरगी द्या. भाजीत मीठ ऱ्हायलं तरी वरडायचा न्हाई."

अच्युतरावांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. "एवढा धीर आमच्या कचेरीत कुणाला नाही," म्हणाले, आणि गुळाचा चहा घेतला.

पत्रिका जुळते. बाकी तुझी मर्जी; मी आग्रह करणारा नव्हे.

तुझा,
सुमंतकाका

ता. क. – होकार मी कळवून टाकला आहे.

ता. क. दुसरा – हे पत्र खरे तर एवढ्याचसाठी. विजया फिजिक्स घेऊन बी. एस्सी. झाली आहे, हे तिच्या वडिलांनी जाता जाता सांगितले. तिने विचारून पाठवले आहे: खालच्या स्फटिकाच्या आणि वरच्या थराच्या ओळी थोड्या जुळत नसल्या, तर वरचा थर तडकतो की सांभाळून घेतो? मी तुझ्या काकूला विचारले, तर ती हसून आत गेली. पत्ता मागे लिहिला आहे. उत्तर तिलाच लिही, आणि निदान एका ओळीत तरी सिलिकॉन येऊ देऊ नकोस.