तुझ्या टाकीखाली पेटवलेला जाळ

प्रिय ताई,

"ती गेली, तिला कुठं कळणार हाय?" आपल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष अण्णा आज दुपारी मला असं म्हणाले. तुला कळायलाच पाहिजे, म्हणून लिहायला बसलोय. ताई, मला किळस आलीय. त्या माणसांची, त्यांनी वाटलेल्या पेढ्यांची, तुझ्या फोटोपुढं लावलेल्या उदबत्तीचीसुद्धा!

आठवतं, टाकीत उसापासून औषधाचा माल करायचं हे काम तू गावाला पहिल्यांदा कसं समजावलंस? "जिवंत जंतू ठेवले तर ते बरीच साखर स्वतःच खातात. मी जंतू ठेवतच नाही, त्यांच्यातली एन्झाइम तेवढी काढून घेते." स्लॅब टाकताना घमेली हातोहात वर जातात, तशी तुझी चार एन्झाइम. पहिल्यानं उसाची साखर फोडून पुढं द्यायची, मधल्या दोघांनी तिचं रूप बदलायचं, चौथ्याच्या हातून औषधात लागणारं इनोसिटॉल बाहेर. किती सोपं करून सांगायचीस गं! अट एकच होती. टाकी कोमट ठेवायची, उकळायची नाही, नाहीतर एन्झाइम निकामी.

अण्णांची हयात साखर कारखान्यात गेलेली. ऊस म्हटला की बॉयलर, आणि हंगाम म्हटला की बॉयलर पेटवायची पूजा! आज सोलापूरहून एका कंपनीचे पाहुणे तुझी टाकी बघायला येणार होते. त्यांना आधी तुळजापूरला दर्शन घ्यायचं होतं, म्हणून मी आणायला तिकडं गेलो. मागं अण्णांनी मुहूर्त काढला, जोडपी पूजेला बसवली, नारळ फोडला आणि टाकीखाली गॅसची शेगडी पेटवली. "अग्नी न्हाय तर हंगाम कसला?" म्हणे! पूजा संपेपर्यंत टाकी खदखदत होती.

मी पाहुण्यांना घेऊन आलो तर टाकीत नासलेल्या दुधासारख्या गाठी. एन्झाइम मेली होती. इथवर फक्त चूक होती, ताई. चूक मी पोटात घातली असती.

मी आत टाकीत डोकावत होतो, तेवढ्यात बाहेर अण्णांनी तू तुलनेसाठी मागवलेली बाजारातली इनोसिटॉलची पावडर कपाटातून काढली. बशीत ओतून तुझ्या फोटोपुढं ठेवली आणि पाहुण्यांना म्हणाले, "ही आमच्या लेकीची करणी!" टाळ्या वाजल्या. ती बाजारातली आहे हे पूजेला बसलेल्या सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळे पेढे खात होते. शी! टाकी उद्या बघा म्हणून अण्णांनी त्यांना वाटेला लावलं; मी बाहेर येईतो पाहुण्यांच्या गाड्या निघाल्यासुद्धा.

हे मला आईनं सांगितलं. "लेकीच्या फोटोम्होरं खोटं बोलत्यात व्हय रं? लई झालं," म्हणाली, आणि उठून तिनं तुझ्या फोटोवरचा हार काढून घेतला. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

तुझ्यावरही राग आहे माझा. अण्णांना अध्यक्ष करा म्हणून तूच हट्ट धरलास ना? ते कुणाचं ऐकत नाहीत, असं मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून सांगत होतो. तू हसलीस. "शिकतील रे हळूहळू." काय शिकले, ताई? एवढं भोळं कशाला राहायचं माणसानं?

उद्या पाहुणे परत येणार आहेत. मोठा प्लांट आपल्या गावात टाकायचा की नाही, ते उद्या ठरेल. तोंड उघडलं तर गावात राहू देणार नाही, असा अण्णांचा निरोप आलाय. नाही राहू दिलं तर नाही! बाजारातल्या पावडरीवर तुझं नाव टाकून हे लोक मोठे होणार असतील, तर तो प्लांट न आलेला बरा.

म्हणून तुला शब्द देतो. उद्या पाहुण्यांसमोर मी टाकीचं झाकण उघडणार, त्या गाठी दाखवणार आणि कुणी काय केलं ते सांगणार. मग फ्रीझरमधली तुझी शेवटची बाटली काढणार आणि तिच्यातून खरं इनोसिटॉल करून दाखवणार. तू आजारी पडायच्या आधी केलेल्या एन्झाइमपैकी तेवढीच उरलीय. ती वापरली की तुझ्या हातचं घरात काही राहणार नाही. आईला विचारलं, वापरू का?  ती म्हणाली, "वापर. पर समद्यांच्या म्होरं."

तुझा,
बाळू